गाळातल्या देवळाचा हुंकार

माझ्या आजोळी भजन म्हणताना प्रत्येक कडव्यानंतर थांबायची रीत होती. कडवं संपलं की टाळ छातीशी आडवे धरायचे, तोंड मिटायचं आणि देवळाचा हुंकार ऐकायचा. भैरोबाचं ते देऊळ दगडी, बुटकं, जाड भिंतींचं. शेवटचा सूर घुमटात शिरायचा, भिंतीभिंतीवरून फिरायचा आणि खाली उतरता उतरता विझायचा. गोष्ट ऐकणारा एखादा म्हातारा अंधारातून ‘हूं’ म्हणतो ना, तसाच. तो पुरता विरल्याशिवाय पुढचं कडवं घ्यायचं नाही. लहानपणी मी एकदा मध्येच टाळी वाजवली होती, तेव्हा आईनं माझा हात इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. “देव बोलतोय,” ती कानात म्हणाली.

पुढे हिर्डोशीकडच्या खोऱ्यात धरणाचं पाणी चढलं आणि आजोळ पाण्याखाली गेलं. बरीच घरं खाली देशावर गेली. ज्यांना तेवढं लांब जायचं नव्हतं त्यांनी नसरापूरच्या बाजूला जागा घेतल्या. भैरोबाचा तांदळा, शेंदूर फासलेला गोल दगड, त्यांनी बरोबर आणला होता. त्याच्यासाठी पत्र्याची शेड झाली आणि काही वर्षांनी वर्गणी काढून स्लॅबचं देऊळ झालं. मोठा हॉल, खाली चकचकीत फरशी, वर पंखे.

नव्या देवळातल्या पहिल्या जत्रेला मी होतो. भजनाचे बुवा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. गाव त्यांना बुवा म्हणायचं, मी मामा म्हणायचो. जत्रेत सगळी कडवी म्हणून झाल्यावरच पालखी उचलायची, असा नेम. मामांनी पहिलं कडवं म्हटलं, टाळ आडवे धरले आणि थांबले. हॉलमध्ये तोंडं मिटली त्या क्षणी आवाजही मेला. मागे काहीच उरलं नाही. मामा थांबलेलेच. कुणी खोकलं, कुणी खाली बघितलं.

“बुवा, घ्या की फुडं,” मागून एक जण म्हणाला.

“आजून झालं न्हाई त्याचं.”

“कुनाचं?”

“त्याचं,” मामा म्हणाले, आणि पुन्हा वाट बघत बसले.

शेवटी त्यांनी टाळ खाली ठेवले. ते रागावलेले दिसत नव्हते. ज्याच्या घरी गेलो तो घरात नाही हे कळल्यावर माणूस पायरीवरून उतरतो, तसे ते उतरले. पालखी सजवलेली होती, ती तशीच आत गेली. देवस्थान कमिटीतला एक तरणा माणूस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “फुडल्या साली बाहीरची पार्टी बोलवू. सुपारी दिली की समदी कडवी म्हनत्यात ती. थांबत न्हाईत.”

मामांनी टाळ पिशवीत घातले. आईनं मला वाटेत सांगितलं, “पुढच्या जत्रेला दादानं भजन पुरं केलं नाही, तर त्याच्या हातात टाळ राहणार नाहीत. आणि टाळ गेले की तो माणूसही राहायचा नाही.”

तेव्हा मी पुण्यात एका लहानशा कंपनीत वेबसाइटी बनवायचो. भोरच्या शाळेत आणि कॉलेजात शिकलो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. वडील भाताच्या गिरणीत पोती वाहायचे. फी भरायला उशीर झाला की कॉलेजातले सर काही न विचारता प्रॅक्टिकलला बसू द्यायचे. हे सांगायचं कारण एवढंच, की जे शिकलो ते आपल्या माणसांच्या कामी यावं असं मला मनापासून वाटायचं, आणि ती संधी मला एका मित्रानं दिली.

हा मित्र भोरचाच. त्याच्या वडिलांचा लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता. उरूस असो, सत्यनारायण असो, नाहीतर निवडणूक, भोंगे त्यांचेच. मुलानं त्याच्या पुढची पायरी गाठली. बाजारातल्या एका कापडाच्या दुकानावरच्या खोलीत त्यानं रेकॉर्डिंग स्टुडिओ थाटला. भिंतींना अंड्यांचे ट्रे, दाराला त्याच्या आईच्या हातच्या गोधड्या. तिथं भजनाच्या, भारुडाच्या, लग्नाच्या गाण्यांच्या सीड्या निघायच्या. त्याची अडचण अशी, की तयार केलेलं गाणं गायकाला ऐकवायचं कसं? पुण्याचा कीबोर्डवाला, वेल्ह्याचा गायक, वाईचा ढोलकीवाला, प्रत्येकाला एसटी करून भोरला यावं लागायचं, आणि तो यायचा तेव्हा नेमकी वीज नसायची.

म्हणून सुटीच्या दिवशी बसून मी त्याला एक वेबसाइट बांधून दिली. मित्रानं गाणं चढवायचं. कलाकारानं आपापल्या गावच्या सायबर कॅफेत जाऊन नाव आणि पासवर्ड घालून ते ऐकायचं. खाली एक चौकोन होता, ‘काय बदलायचं?’ त्यात लिहिलं की मला आणि मित्राला ई-मेल यायचा. फाइल इतकी दाबून छोटी करावी लागायची की झांजेचा आवाज पाण्यातून आल्यासारखा यायचा. पण चालायचं. एका गोष्टीचा मला अभिमान होता. प्रत्येक कलाकाराला फक्त स्वतःचं पान दिसायचं, दुसऱ्यानं काय लिहिलं ते कुणालाच कळायचं नाही. कलाकारांची भांडणं मित्रानं पुष्कळ पाहिली होती, त्यानंच ते मागितलं होतं.

मामांची गोष्ट मी त्याला सांगितली. तो म्हणाला, “हुंकार म्हणजे खोलीचा आवाज. खोलीचा आवाज आता उचलून आणता येतो.”

पुण्याच्या एका कीबोर्डवाल्यानं त्याला सीडीवर एक सॉफ्टवेअर दिलं होतं. एखाद्या जागेत फुगा फोडायचा, त्याचा घुमारा रेकॉर्ड करायचा, आणि तो कॉम्प्युटरला द्यायचा. मग कुठेही गायलेला आवाज त्या जागेत गायल्यासारखा ऐकू येतो. वैशाखात पाणी उतरलं की देऊळ उघडं पडतं, हे आम्हाला हिर्डोशीच्या जीपवाल्याकडून कळलं होतं.

जाण्याआधी मित्र मामांना भेटायला आला. “मामा, देवळात मी गेलो तर चालेल ना?” त्यानं विचारलं. त्याच्या मनात काय आहे ते मामांना बरोबर कळलं.

“आरं, पानी आत गेलं तवा त्ये कुनाला इचारून गेलं? जा की. नमाज पडू नगंस म्हंजे झालं.”

“आणि पडला तर?”

“तर त्योबी हुंकार देईल. त्याला काय कळतंय,” मामा म्हणाले आणि दोघंही हसले. त्या वर्षात मामांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

भोरच्या बाजारातून घेतलेल्या फुग्यांवर वाढदिवसाच्या शुभेच्छा छापलेल्या होत्या. दुसरे नव्हतेच. ते खिशात घालून आम्ही भेगाळलेल्या गाळावरून चालत गेलो. जिथं आजीच्या घराची पडवी होती तिथून गेलो असेन, पण मला ओळखता आलं नाही. सगळीकडे एकच रंग. झाडांची खोडं काळी, पांढऱ्या रेषा असलेली, पानाविना उभी. देऊळ मात्र दिसलं. घुमटापर्यंत शेवाळ वाळून त्याचे पापुद्रे झाले होते. दाराच्या चौकटीला शिंपले चिकटलेले. आत कमरेइतका गाळ भरला होता, वरून कोरडा, पाय दिला की आतून ओला. वाकून शिरावं लागलं. ज्या छताकडे लहानपणी मी मान मोडून बघायचो ते आता हाताला लागत होतं. माशांचा वास होता. गाभारा रिकामा होता.

मित्रानं दोन माइक लावले, फुगा फुगवला आणि टाचणी टोचली. आवाज घुमटात गेला, फिरला आणि आला. तो हुंकार मी ओळखला. पण तो काहीसा तुटका होता. म्हाताऱ्यानं तोंडावर उपरणं धरून ‘हूं’ म्हटल्यासारखा.

“आता गप्प बसू,” मित्र म्हणाला. “नुसत्या खोलीचं पण घ्यायचंय.”

आम्ही गाळावर उकिडवे बसलो. बाहेर ऊन रणरणत होतं. आत कुठेतरी पाणी झिरपत होतं, गाळ वाळताना बारीक बारीक तडकत होता. मी श्वास रोखला. काही वेळानं मला असं वाटू लागलं की आम्ही कुणाची तरी वाट अडवून बसलोय. ते सगळे खोळंबलेत, आमचं कधी संपतंय म्हणून. मित्रानं यंत्र बंद केलं आणि मला न सांगताच भराभरा वायरी गुंडाळू लागला. बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, “तुलाही वाटलं?” मी काय वाटलं ते विचारलं नाही. हो म्हणालो.

मग पावसाळाभर गायक येत राहिले. जुन्या भजनी मंडळातले मामांखेरीज तिघंच उरले होते. एक जण पुण्यात वॉचमन होते, दुसऱ्यांची नसरापूर फाट्यावर चहाची गाडी होती, आणि तिसरे, सर्वांत वयस्कर, मार्गासनीला लेकीकडे राहायचे. तिघांना एकाच दिवशी कधी सवड मिळाली नाही. प्रत्येक जण वेगळ्या दिवशी आला आणि गोधड्यांच्या त्या खोलीत एकटाच गाऊन गेला. एकाचा आवाज दुसऱ्याच्या कानात हेडफोननं सोडायचा मित्राचा बेत होता. तिघांनीही नकार दिला. “दुसऱ्याचा आवाज कानात आला की माजा कुठं जातो त्येच कळत न्हाई,” चहावाले म्हणाले. मामा आलेच नाहीत. ते म्हणाले, “आदी त्याचं ऐकू द्या. मग बगू.”

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ते तीन आवाज कॉम्प्युटरवर एकाखाली एक मांडले. पडद्यावर आवाजाच्या तीन पट्ट्या. लय पुढेमागे होती, ते अपेक्षितच होतं. पण कडव्यांमधल्या मोकळ्या जागा बघून मित्र खुर्चीत मागे टेकला. तिन्ही पट्ट्यांत त्या सारख्याच लांबीच्या होत्या. तिन्ही माणसं, वेगवेगळ्या दिवशी, मुक्या खोलीत, न वाजलेला एकच आवाज ऐकून मगच पुढे गेली होती.

मित्रानं देवळाचा घुमारा त्या आवाजांवर चढवला. बुवांची जागा मोकळी ठेवली. ते गाणं मी साइटवर टाकलं आणि तिघांना कळवलं.

उत्तरं आली तेव्हा मी पुण्याच्या ऑफिसात होतो, दुपारची वेळ, शेजारी लोक डबे उघडत होते. पहिला ई-मेल वॉचमन काकांचा, मुलानं टाइप केलेला. ‘काय बदलायचं?’ च्या चौकोनात एकच ओळ होती: “देवळात गर्दी कुणाची होती?”

मला वाटलं, मुलाला टाइप करता आलं नसेल.

दोन दिवसांनी चहावाल्यांचं आलं: “हे जत्रेच्या दिवशीचं आहे का? माणसं लई वाटतात.”

मी मित्राला फोन केला. तो म्हणाला, “त्यांचं आपसात बोलणं झालं असेल.” पण वॉचमन काका आणि चहावाले, दोघांत बांधाच्या वादापासून बोलणं नव्हतं. धरणात तो बांधही गेला, तरी बोलणं काही सुरू झालं नव्हतं. आणि एकाचं पान दुसऱ्याला दिसत नव्हतं, त्याची तर मीच व्यवस्था केली होती.

मार्गासनीच्या आजोबांना त्यांच्या नातीनं वेल्ह्यातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ऐकवलं. त्यांनी चौकोनात काही लिहिलं नाही, मला फोनच केला. “चांगलं झालंय पोरा,” ते म्हणाले. “पर ती लोकं उठून गेली की परत येकदा घ्या. पार भित्तीपतोर बसल्यात. आवाज दबतोय आपला.”

“आजोबा, तिथं कुणी नव्हतं. आम्ही दोघंच होतो.”

 “बरं,” ते म्हणाले, लहान मुलाची समजूत काढावी तसं, आणि फोन ठेवला.

शनिवारी मी भोरला गेलो. मित्रानं मला शांतपणे समजावलं. रिकाम्या देवळाचा हुंकार लांब असतो. जत्रेला देऊळ माणसांनी भरलं की तोच हुंकार आखूड होतो, कारण अंगं, कपडे आवाज पितात. “ही गोधडी बघ. हिचं तेच काम. आणि गाळाचंही तेच. देऊळ कमरेपर्यंत भरलंय. त्यांनी जन्मभर दोन्ही ऐकलंय, रिकामं आणि भरलेलं. त्यांना भरलेलं वाटणारच.”

मला पटलं. विज्ञान शिकलेला माणूस मी, मला बरं वाटलं.

मग त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाला, “फक्त एक आहे. कमरेइतका गाळ आणि कमरेइतकी बसलेली माणसं, कानाला दोन्ही एकच. त्यामुळे ते चुकतायत असं मला म्हणता येत नाही.”

त्यानं दुसरं एक करून ठेवलं होतं. सॉफ्टवेअरनं हुंकार ताणून लांब केला होता, जुन्या रिकाम्या देवळाइतका. गाळातला आखूड हुंकार थांब्यांच्या आधीच संपायचा, आता थांबे बरोबर भरत होते. मी ते गाणंही साइटवर टाकलं. तोवर कमिटीलाही बातमी पोचली होती. त्या तरण्या माणसानं स्टुडिओत येऊन सांगितलं, “मस्त काम केलंत. बुवा म्हनले की लगेच भोंग्यावर हुंकार सोडायचा. बुवाबी खूश, देवबी खूश.” तसं करता येत होतं. मित्राकडे भोंगे होते आणि लॅपटॉपही होता. मला ते नकोसं वाटत होतं, पण मामांचे टाळ वाचणार असतील तर मी कोण नको म्हणणारा?

मामांना मी माघात भोरच्या सायबर कॅफेत घेऊन गेलो. दारात त्यांनी चपला काढल्या.

“काका, असू द्या चपला,” कॅफेवाला म्हणाला.

“आसू द्या कसं? देवळात चाललोय,” मामा म्हणाले.

शेजारी पोरं गाडीचा खेळ खेळत होती. मामांनी टोपी सारखी केली, वरून हेडफोन लावला. मी त्यांचं पान उघडलं आणि आधी ताणलेल्या हुंकाराचं गाणं लावलं. ते ऐकत राहिले. तिसऱ्या कडव्याला त्यांनी हातानं खूण केली.

“ह्ये रिकामं हाय. ह्ये कुटलं?”

“तेच देऊळ, मामा. जुन्यासारखं केलंय.”

“केल्यालं नगं. हाय त्ये लाव.”

मी पहिलं गाणं लावलं. मामांचं अंग आधी ताठ झालं. मग हळूहळू त्यांचे डोळे बारीक झाले, गर्दीत ओळखीचं माणूस शोधताना होतात तसे. त्यांची मान डावीकडे वळली, मग उजवीकडे. पडद्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. गाणं संपलं तरी त्यांनी हेडफोन काढला नाही. मी तो हळूच उचलला तेव्हा ते म्हणाले, “भरलंय. पार उंबऱ्यापतोर बसल्यात.”

“कोण मामा?”

“मला काय दिसतंय व्हय? आवाज भरल्याला हाय.” मग ते म्हणाले, “मला वाटायचं, देव आनला आपन, आन देऊळ येकटं टाकून आलो. तिथं कोन न्हाई म्हनून हितं मला त्याचं ऐकू येत न्हाई. पर तिथं तर बसाया जागा न्हाई.”

“मामा, तो गाळ आहे. गाळ आवाज पितो.” मी एवढं तरी म्हणायलाच हवं होतं.

“व्हय की. गाळच. गावाचाच हाय न्हवं?”

 मी भोंग्यावर हुंकार सोडायची कमिटीची योजना त्यांना सांगितली. त्यांनी अशी मान हलवली की मला माझीच लाज वाटली.

“त्यो त्यांचा हाय. त्यांनी म्हनलं, त्यांनी ऐकलं. हितं आनायचा न्हाई. जेवत्या मानसाच्या ताटातनं उचलल्यावानी हुईल.” ते उठले. “त्यास्नी आपली गरज न्हाई रं. आपल्याला जागा ऱ्हायली न्हाई तिथं. बरं झालं.”

“म्हणजे जत्रेला म्हणणार?”

“बगू,” ते म्हणाले आणि चपला घालू लागले.

चैत्रात जत्रा भरली. कमिटीनं बाहेरची भजनी पार्टी बोलावून ठेवली होती. ती हॉलच्या कडेला टाळ घेऊन बसली होती, मामा थांबले की सुरू करायला. तिघंही गायक आले होते. वॉचमन काका आणि चहावाले एकमेकांकडे न बघता ओळीत शेजारी उभे राहिले. पोरं खांबांना टेकून, बाया मागच्या भिंतीपर्यंत, उंबऱ्यातही माणसं होती. मित्र एका कोपऱ्यात होता, भोंगे न लावता. आई माझ्या शेजारी होती आणि तिनं माझा हात धरला होता.

मामांनी पहिलं कडवं म्हटलं. टाळ आडवे झाले. हॉलमधला आवाज मागच्या वर्षीसारखाच जागच्या जागी संपला. पंख्यांची घरघर फक्त. बाहेरच्या पार्टीतल्या एकानं गळा साफ केला.

तो थांबा किती असतो ते मला आता पाठ होतं, कित्येक दिवस मी तो पडद्यावर पाहिला होता. मी मनात तेवढी वाट बघायला लागलो. पण मामा त्याच्या खूप आधीच हलले. त्यांनी किंचित मान डोलावली आणि दुसरं कडवं उचललं. त्याच क्षणी, त्यांच्याकडे न बघता, बाकीचे तिघंही सुरू झाले. कुणी कुणाला खूण केली नव्हती.

तो थांबा आखूड होता. देऊळ माणसांनी भरलेलं असताना ठेवायचा तेवढाच.

आईची पकड सैल झाली. शेवटच्या कडव्यानंतर मामांनी पुन्हा तेवढंच थांबून टाळ खाली ठेवले आणि पालखीच्या दांड्याला खांदा द्यायला पुढे गेले.